बोली संपली, आता पैसे कसे घ्यायचे?

जुन्या वस्तूंच्या लिलावाच्या ग्रुपवर बहुतेक पोस्टखाली एक ठरलेलं वाक्य असतं: "पेमेंट डिटेल्स विनरला इनबॉक्समध्ये." मला हे पटत नाही. पैसे कुठल्या मार्गाने घेणार, किती वेळात घेणार आणि वस्तू वर्णनाप्रमाणे निघाली नाही तर ते परत कसे देणार, हे पहिली बोली लागायच्या आधी सगळ्यांना दिसायला हवं. अकोल्यात बसलेला माणूस कराडमधल्या कंदिलाचे फोटो बघून बोली लावतो. त्याने वस्तू हातात घेतलेली नसते, मला तर तो ओळखतही नसतो. पैसे द्यायची रीत त्याला भरवशाची वाटली तर तो शेवटपर्यंत बोलीत टिकतो. नाही वाटली तर मनातल्या किमतीच्या बऱ्याच अलीकडे थांबतो. त्यामुळे पैसे घेण्याची पद्धत हा वस्तूच्या किमतीचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

मी कंदील, रॉकेलच्या चिमण्या, भिंतीवरची लंबकाची घड्याळं आणि पितळी मापं विकते. वाडे पडतात, माळे रिकामे होतात, त्यातून ही मंडळी माझ्याकडे येतात. ओगलेवाडी आमच्या कराडपासून अगदी जवळ, त्यामुळे तिथल्या काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील आमच्या भागात अजूनही निघतो आणि महाराष्ट्रभरातून त्याला मागणी असते.

नवा मिक्सर विकणाऱ्याचं बरं असतं. बिघडलेला निघाला तर दुसरा पाठवता येतो. माझ्याकडचा कंदील एकच. त्यातही टाकी जुनी, बर्नर दुसऱ्याच कंदिलाचा आणि काच बाजारातून आणून बसवलेली, अशी सरमिसळ सर्रास सापडते. काच मूळची असेल तर भाव एकदम वेगळा. म्हणून आमच्याकडचं भांडण "पार्सल मिळालं नाही" याचं क्वचित, "तुम्ही म्हणालात तसं हे नाही" याचंच जास्त. पैसे घेण्याचा कुठलाही मार्ग समोर आला की मी आधी एवढंच बघते: एकदा गेलेला पैसा मागे येऊ शकतो का, आणि तो मागे आणायचा की नाही हे कोण ठरवतं?

ईबे इंडिया होतं तेव्हा याचं उत्तर आयतं मिळायचं. तिथे 'पैसापे' होतं. ग्राहकाचे पैसे आधी ईबेकडे जायचे, वस्तू पोचल्यावर विक्रेत्याला मिळायचे. थांबावं लागायचं, कमिशन कापलं जायचं, पण मधे कुणीतरी उभं असायचं. १४ ऑगस्ट २०१८ ला ती साइट बंद झाली. पुढे आमच्यासारख्यांचे लिलाव फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच स्थिरावले. तिथे ॲडमिन नियम करतो, बोलीची वेळ पाळतो, गोंधळ घालणाऱ्याला काढून टाकतो, पण पैशाला हात लावत नाही. मधल्या माणसाचं काम आता विक्रेत्यालाच स्वतःच्या अटींमधून करावं लागतं.

माझ्या अटी अशा. बोली जिंकणाऱ्याने चोवीस तासांत तीस टक्के द्यायचे. मग मी वस्तूशेजारी त्याच्या नावाची आणि तारखेची चिठ्ठी ठेवते, चारी बाजूंनी, खालून, आतून दाखवते, वातीची चावी फिरवून दाखवते, काच काढून तिची कड बोटाने फिरवून दाखवते, आणि तिथेच, कॅमेरा बंद न करता, पॅक करते. तो सलग व्हिडिओ त्याला जातो. तो बघून उरलेले सत्तर टक्के, मग पार्सल कुरियरकडे. हातात पडल्यापासून तीन दिवसांत वर्णनात नसलेला दोष दाखवला तर वस्तू परत घेते, पैसे पूर्ण देते, येण्याजाण्याचा खर्चही माझा. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातात. हे शेवटचं वाक्य मी जाड अक्षरात लिहिते, कारण पुढचं बरंच काही त्याच्यावर उभं आहे.

पंधरा हजारांपर्यंतच्या वस्तूला यूपीआय. व्यापाऱ्याला त्यावर शुल्क पडत नाही, पैसे त्याच क्षणी जमा होतात, आणि ज्याला कंदील घ्यायचाय त्याच्या फोनमध्ये ते असतंच. पण यूपीआयने गेलेले पैसे ग्राहकाला स्वतःहून मागे ओढता येत नाहीत. माझ्या दृष्टीने ही सोय, त्याच्या दृष्टीने धोका. म्हणूनच तीस-सत्तरची वाटणी. आता पैसे पाठवण्याआधी समोरच्या खात्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ते नाव मी पोस्टमध्येच लिहून ठेवते: स्क्रीनवर हेच दिसलं पाहिजे, दुसरं दिसलं तर पाठवू नका, मला फोन करा. माझे फोटो उचलून माझ्याच नावाने लिलाव मांडणारे लोक निघाले आहेत. त्यांच्यापासून ग्राहकाला वाचवणारी यापेक्षा सोपी गोष्ट मला सापडलेली नाही.

स्क्रीनशॉट मी पावती मानत नाही. रात्री साडेनऊला बोली संपते, दोन मिनिटांत हिरव्या टिकचं चित्र येतं, "ताई, झालं पेमेंट, उद्या सकाळी पाठवाल ना?" बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय मी "मिळाले" असा शब्द लिहीत नाही. खरा ग्राहक यावर कधी चिडत नाही. आणि आमच्या ग्रुपवर नव्याने विकायला लागलेल्यांना मी एक गोष्ट परत परत सांगते: पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. "मी तुम्हाला कोड पाठवतो, स्कॅन केलात की पैसे येतील" असं कुणी म्हणालं, मग तो स्वतःला फौजेतला अधिकारी सांगो की मोठा संग्राहक, फोन तिथेच ठेवायचा. पैसे येणार नाहीत, जातील.

मर्यादेचंही भान ठेवावं लागतं. यूपीआयने एका माणसाला साधारणपणे दिवसाला एक लाखापर्यंतच पाठवता येतात, आणि नव्याने यूपीआय सुरू केलेल्याला पहिले चोवीस तास पाच हजारांचीच मुभा असते. एखादा विजेता म्हणतो, "नवीन फोन घेतलाय, आज एवढेच जाताहेत, बाकीचे उद्या." तो खोटं बोलत असेलच असं नाही. अशा वेळी बोली रद्द करू नये, एक दिवस द्यावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. पैसे कुठून आले, हे पैसे आले का याच्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आमच्या धंद्यातल्या एका स्नेह्यांनी घड्याळ विकलं. पैसे पूर्ण जमा झाले, घड्याळ गेलं, ग्राहक खूश. काही आठवड्यांनी त्यांचं खातं गोठलं. दुसऱ्या राज्यातल्या कुणा माणसाची ऑनलाइन फसवणूक झाली होती, त्याने १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली होती, आणि त्याचे पैसे खात्याखात्यांतून फिरत यांच्या खात्यात घड्याळाची किंमत म्हणून येऊन थांबले होते. ग्राहकाने स्वतःच्या खात्यातून पैसे दिलेच नव्हते. यांनी काहीही गैर केलं नव्हतं. तरी बिल, कुरियरची पावती, बोलीच्या कमेंट्स, सगळं घेऊन बँक आणि सायबर पोलीस यांच्यात त्यांना हेलपाटे घालावे लागले. त्याच खात्यातून घराचा हप्ता जायचा, तोही अडकला. प्रामाणिक माणसाला असं दारोदार फिरताना बघून मला फार वाईट वाटलं. आणि जुन्या, महागड्या, सहज परत विकता येणाऱ्या वस्तू चोरीचा पैसा जिरवायला किती सोयीच्या आहेत, हेही कळलं.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: बोली लावणारा, पैसे देणारं खातं आणि पार्सलवरचं नाव, तिन्ही एकच माणूस. यात सवलत नाही. लिलावाचं खातंही घरखर्चाच्या खात्यापासून पूर्ण वेगळं.

हा नियम ऐकून लोक नाराज होतात. दुबईहून एका गृहस्थांचा फोन आला होता. "ताई, घड्याळ मला पुण्यातल्या घरी हवंय. पैसे माझा मित्र पाठवेल, तो मुंबईत असतो."

"दादा, मित्राला बोली लावायला सांगा, म्हणजे बिल त्याच्या नावाने करते."

"अहो, घेतोय मी, बिल त्याच्या नावाने कशाला?"

"मग पैसे तुमच्याच खात्यातून येऊ द्या. तुमचं इथे एनआरओ खातं आहे ना?"

होतं. (एनआरओ आणि एनआरई ही अनिवासी भारतीयांची भारतातल्या बँकेतली खाती.) आणि त्यांना ठाऊक नव्हतं ते मी सांगितलं: अनिवासी भारतीयांना एनआरई किंवा एनआरओ खातं परदेशातल्या मोबाइल नंबरसह यूपीआयला जोडण्याची वाट २०२३ मध्ये मोकळी झाली. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा ठरावीक देशांसाठी ती आहे, बँकेने सोय दिलेली असली म्हणजे झालं. त्यांनी बँकेत चौकशी केली, जोडून घेतलं आणि पैसे स्वतःच्या नावाने पाठवले. वस्तू भारतातच पोचवायची असेल तर परदेशातल्या मराठी माणसासाठी मला हा सगळ्यात स्वच्छ मार्ग वाटतो. रुपयांत व्यवहार, विनिमयाची कटकट नाही, नाव स्पष्ट.

पंधरा हजारांच्या वर गेलेल्या वस्तूला मी पेमेंट गेटवेची, म्हणजे ग्राहकाचे कार्डाचे पैसे विक्रेत्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीची, लिंकही देते. यावर आमच्या ग्रुपमध्ये माझ्याशी कुणी सहमत नाही. हिशेब सांगते. अठरा हजारांच्या घड्याळावर गेटवेचे दोन टक्के म्हणजे ३६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६४ रुपये ८० पैसे. एकूण ४२४ रुपये ८० पैसे माझ्या खिशातून जातात, ते मी ग्राहकावर टाकत नाही. वर कार्डने दिलेल्या पैशांवर ग्राहक चार्जबॅक मागू शकतो, म्हणजे आपल्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागू शकतो, त्यामुळे विकून मोकळी झाले असं म्हणता येत नाही. "मग देताच कशाला?" असं मला विचारतात. देते, कारण एवढी रक्कम न पाहिलेल्या वस्तूसाठी मोजणाऱ्याला दाद मागायला जागा असली पाहिजे. ती जागा माझ्या शब्दापलीकडे, तिसऱ्याच कुणाच्या हातात असेल तर तो निर्धास्त बोली लावतो.

चार्जबॅक माझ्यावर एकदा आला. ग्राहकाचं म्हणणं, घड्याळाची तबकडी मूळची नाही. माझ्या पोस्टमध्ये पहिल्याच ओळीत होतं: "तबकडी नंतर रंगवलेली आहे, आकडे हाताने काढलेले, सहाच्या खाली जुन्या रंगाचा पापुद्रा दिसतो." त्या पापुद्र्याचा जवळून काढलेला फोटोही होता. गेटवेने कागद मागितले. मी पोस्ट, फोटो, पॅकिंगचा व्हिडिओ आणि पोचपावती दिली. निकाल लागेपर्यंत पैसे अडकले, निकाल माझ्या बाजूने लागला. म्हणून सांगते, गेटवे वापरायचा तर वर्णन लिहिताना हात आखडता घेऊ नका. दोष जितका उघड लिहाल तितका तुमचा पैसा सुरक्षित.

लाखाच्या वर आमच्याकडे फारसं काही जात नाही. गेलंच तर आरटीजीएस किंवा एनईएफटी, म्हणजे एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात. आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात, एनईएफटीला तशी अट नाही, आणि दोन्ही आता चोवीस तास चालतात. घरी येऊन वस्तू नेणारे रोख देऊ बघतात. छोट्या रकमेला हरकत नाही, पण एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने २०१७ पासून बंदी आहे. तुकडे करून घेतली तरी व्यवहार एकच धरला जातो.

चेकला मात्र मी अजूनही हो म्हणते. माझे काही जुने ग्राहक सत्तरी ओलांडलेले आहेत. नाशिकचे एक काका घड्याळांचे फार जाणकार, लंबकाचा आवाज फोनवर ऐकून यंत्राला तेल हवंय का ते सांगतात. ते यूपीआय वापरत नाहीत आणि मी त्यांना कधी आग्रह करत नाही. चेक टपालाने येतो, वटतो, मग घड्याळ निघतं. ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग वटवले जाऊ लागले, त्यामुळे पूर्वीसारखं दोन-दोन दिवस थांबावं लागत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं एका वस्तूवर प्रेम केलं त्याला फोन वापरता येत नाही म्हणून लिलावाबाहेर ठेवणं मला मान्य नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी अजिबात नाही. घरात कुणी नसलं, मन बदललं, की पार्सल परतीच्या वाटेला लागतं. जुनी काच एक प्रवास सोसते, दुसरा सोसेलच असं नाही. मग ग्राहकाचं काही जात नाही आणि कंदील कायमचा जातो.

परदेशात वस्तू पाठवायची झाली की चित्र बदलतं. पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणंघेणं बंद केलं, पण परदेशातल्या ग्राहकाकडून भारतातल्या विक्रेत्याला पैसे घेता येतात. ते पेपालमध्ये साठवून ठेवता येत नाहीत, आपोआप बँक खात्यात उतरतात. कशासाठी आले त्याचा पर्पज कोड द्यावा लागतो आणि परकीय चलन आल्याचा दाखला मिळतो. तो जपून ठेवा, निर्यात दाखवायला तोच कामाला येतो. शुल्क आणि विनिमय दरातला फरक धरला तर बरीच कात्री लागते, म्हणून मूळ बोलीच त्या हिशेबाने ठेवावी. ग्राहकाला तक्रार करायला १८० दिवस मिळतात. सहा महिने, एवढ्या काळापुढे माझे तीन दिवस कुठेच लागत नाहीत. त्यामुळे पॅकिंगचे व्हिडिओ मी वर्षभर पुसत नाही. शुल्क वाचावं म्हणून "मित्राला पाठवतो तसं पाठवू का?" असं विचारणारे भेटतात. त्यांना नाही म्हणायचं. ते नियमाविरुद्ध आहे, आणि त्यात ना त्यांना संरक्षण आहे ना मला. ईबेच्या परदेशी साइटवर विकलंत तर मार्ग निवडायचा प्रश्नच येत नाही. ग्राहक ईबेला देतो, ईबे आपले पैसे कापून उरलेले पेओनियर या परदेशातून पैसे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत तुमच्या बँकेत पाठवतं.

पण परदेशाच्या बाबतीत पैशाच्याही आधी वस्तूचं वय बघावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा देशातल्या देशात व्यापार करायलाही परवाना लागतो. जुनी हस्तलिखितं तर पंच्याहत्तर वर्षांनंतरच या कायद्याखाली येतात. माझ्याकडे परवाना नाही, म्हणून शंभरीच्या आसपासचं काहीही मी लिलावात मांडत नाही. वयाचा संशय येईल अशी वस्तू बाहेर पाठवायची तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्यायचं, बोली नंतर. इंग्लंडमधल्या एका ग्राहकाने पितळी समईसाठी सगळे पैसे आगाऊ देऊ केले होते, म्हणेल त्या मार्गाने. समई माझ्या अंदाजाने शंभरीच्या पलीकडची. मी त्यांना तसं लिहून कळवलं. ज्या घरातून समई आली होती त्यांनाही सांगितलं की ती विकायची तर परवानाधारक व्यापाऱ्याकडेच न्या.

येत्या रविवारी दोन 'प्रभाकर' आणि एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारं एक घड्याळ मांडते आहे. एका कंदिलाची काच बदललेली आहे, तसं लिहिलं आहे. चेकने पैसे द्यायचे असतील किंवा परदेशातल्या नंबरवरून यूपीआय करायचं असेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत निरोप टाका. रविवारी बोली सुरू झाल्यावर मी फोन उचलत नाही.